नेपोलियनच्या कबरीमागे अजूनही म्हातारे सैनिक राहतात: पॅरिसच्या इन्व्हॅलिडची गोष्ट

प्रश्न असा आलाय की पॅरिसमधली ती सोनेरी घुमटाची इमारत, लेझ एँव्हालिद, ती मुळात म्हाताऱ्या सैनिकांचा आश्रम होती म्हणतात, मग तिचं स्मारक आणि म्युझियम कसं झालं, आश्रम कधी बंद पडला, आणि जुलैत आईवडील सोबत असताना दोन तासांत काय बघून होईल. मी बावीस वर्षं युरोपच्या टूर नेतोय, बहुतेक मराठी ग्रुपच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी महत्त्वाचं सांगतो. आश्रम बंद पडलाच नाही.

हे मला स्वतःला पहिल्या दोनतीन टूरमध्ये माहीत नव्हतं. मी बसमध्ये माइक घेऊन बिनधास्त सांगायचो, "पूर्वी इथे जखमी सैनिक राहायचे". मग एकदा ग्रुपमधल्या एका आजींना बाथरूमला जायचं होतं, आणि चाळीस माणसांच्या टूरमध्ये बाथरूम हा इतिहासापेक्षा मोठा विषय असतो हे ज्याने टूर नेलीय त्यालाच कळेल. तर मी घाईघाईत पाटी न वाचता एक दार ढकललं, आत लांब कॉरिडॉर, फिनेलचा आणि उकडलेल्या भाजीचा वास, औषधांची ट्रॉली, आणि व्हीलचेअरवर एक आजोबा, गुडघ्यावर चौकटीचं ब्लँकेट, कोटाला बारीकशी लाल रिबन, पेपर वाचत बसलेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. नर्स आली आणि तिने आम्हाला जवळजवळ हाताला धरून बाहेर काढलं, म्हणजे रागावली नाही, पण सवय असल्यासारखी. बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, अरे हे तर हॉस्पिटल आहे. बरोबर. हॉस्पिटलच आहे. त्या दिवसानंतर मी ते "पूर्वी" काढून टाकलं.

आता शब्दाचं बघा. ग्रुपमधली पोरं हसतात, कारण त्यांना इन्व्हॅलिड म्हणजे पासवर्ड चुकला एवढंच माहीत. फ्रेंचमध्ये एँव्हालिद म्हणजे लढाईत जायबंदी झालेला, आता लढायला उपयोगाचा न राहिलेला माणूस. आणि "लेझ" म्हणजे नुसतं अनेकवचन. म्हणजे एवढ्या राजेशाही इमारतीचं नाव काय, तर "जायबंदी". नेपोलियनचं नाव नाही, राजाचंही नाही.

राजा होता चौदावा लुई. त्याच्या सतत लढाया चालू, आणि प्रत्येक लढाईतून हात गेलेले, पाय गेलेले शेकडो लोक परत यायचे. त्यांचं करायचं काय? जुनी पद्धत अशी होती की त्यांना ख्रिस्ती मठांमध्ये पाठवायचे, मठाने एकेका सैनिकाला पोसायचं. आता कल्पना करा, आयुष्य छावणीत गेलेला माणूस, तोंडात शिव्या, संध्याकाळी प्यायला लागते, आणि त्याला ठेवलाय साधूंमध्ये. दोघांचेही हाल. मठ पैसे देऊन त्यांना टाळायला बघायचे, सैनिक स्वतःच पळून जायचे, आणि मग पॅरिसच्या पुलांवर भीक मागत, कधी चोऱ्यामाऱ्या करत फिरायचे. राजाच्या सैन्यात भरती व्हायचा विचार करणाऱ्या तरुण पोराला रोज हे दिसणार, की उद्या आपलं हेच होणार. म्हणजे दयाबुद्धी होती तशी, नाही म्हणत नाही, पण भरतीचाही हिशेब होताच. माझं मत विचाराल तर हिशेब जास्त होता.

1670 ला हुकूम निघाला, 1671 च्या नोव्हेंबरात पायाचा दगड बसला, शहराबाहेरच्या ग्रनेलच्या मोकळ्या मैदानात. आर्किटेक्ट लिबेराल ब्रुआँ. पैशाची व्यवस्था मला फार आवडते, कारण राजाने खजिन्याला हात लावला नाही: सैन्यावर जो काही खर्च होईल त्यातल्या दर लिव्हरमागे (तेव्हाचं फ्रेंच चलन) सुरुवातीला दोन दनिए कापून आश्रमाला, आणि मठ आधी जे पैसे भरायचे तेही इकडे वळवले. एका लिव्हरचे 240 दनिए, म्हणजे शंभराला एक रुपयासुद्धा नाही. एवढ्यात ही इमारत उभी राहिली! ऑक्टोबर 1674 ला पहिले सैनिक राहायला आले. मराठी ग्रुपला मी इथे थांबून सांगतो की त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि मग सगळ्यांना एकदम तो काळ लागतो, नाहीतर सतरावं शतक म्हटलं की माना डोलतात नुसत्या.

आत राहायला काही हजार माणसं, गर्दीच्या काळात चार हजारांपर्यंत. एक प्रकारे कॅन्टोन्मेंट, मठ, हॉस्पिटल आणि कारखाना असं सगळं मिळून एक गाव. साधे सैनिक एका खोलीत चारसहा जण, अधिकारी दोघंतिघं. हॉस्पिटल विभागात सिस्टर्स सेवा करायच्या आणि प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र पलंग होता, ही त्या काळात चैन होती, इतर हॉस्पिटलांत एका पलंगावर दोघंतिघं झोपवायचे. ज्याचे हात चालतात त्याने काम करायचं, बूट शिवा, गालिचे विणा, हस्तलिखितं रंगवा. लग्न झालेल्यांना परवानगीने काही रात्री बाहेर बायकोकडे झोपायला जाता यायचं. आणि शिक्षा काय, तर जेवणाच्या हॉलमध्ये वेगळं टेबल, "पाणी पिणाऱ्यांचं टेबल", तिथे बसायचं आणि बाकीचे वाइन पितायत ते बघत पाणी प्यायचं. आमच्या ग्रुपमधल्या काही काकांना ही शिक्षा ऐकून खरोखर वाईट वाटतं.

त्या हॉलांच्या भिंतींवर लुईच्या लढायांची मोठमोठी चित्रं आहेत. म्हणजे ज्या स्वारीत तुमचा पाय गेला, ती स्वारी राजा पांढऱ्या घोड्यावर बसून जिंकतोय असं चित्र बघत रोज सूप प्यायचं. ती चित्रं अजून आहेत, आता तिथे चिलखतं मांडलीत.

आणखी एक गंमत. अठराव्या शतकात इथे पार्माँतिए नावाचा औषधी बनवणारा नोकरीला होता. तो आधी प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, कैदेत असताना बटाटे खाऊन जगला होता, आणि फ्रान्समध्ये तेव्हा बटाटा म्हणजे डुकरांचं खाणं समजायचे. इथल्या सिस्टर्सना हा बाबा आपल्या औषधशाळेत नको होता, भांडण वरपर्यंत गेलं, शेवटी त्याला राहायला खोली मिळाली, पगार मिळाला, काम मात्र नाही. रिकामा वेळ भरपूर! त्याने मग बटाट्याचा प्रचार असा केला की आज फ्रान्समध्ये बटाट्याच्या डिशला त्याचं नाव आहे. बटाटेवडा खाणाऱ्यांनी त्या बाजूला बघून एक नमस्कार करायला हरकत नाही, बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला ते सोडा.

घुमट नंतरचा आहे. ब्रुआँच्या हातून चर्चचं काम रखडलं, मग आर्दुआँ-माँसारने घेतलं, आणि 1706 ला पूर्ण झालं, म्हणजे इकडे औरंगजेब दख्खनेत खपायच्या आदल्या वर्षी. 107 मीटर उंच. चर्चची युक्ती अशी की दोन चर्च एकमेकांना चिकटवलेली, मधे एकच वेदी. राजा दक्षिणेकडून घुमटाखाली येणार, सैनिक उत्तरेकडून चौकातून येणार, देव एक, दरवाजे दोन. आज मधे काचेची भिंत आहे, ती 1873 ची. घुमटाचं सोनं शेवटचं 1989 ला लावलं, साडेबारा किलोच्या आसपास लागलं. हा आकडा सांगितला की बायका लगेच तोळ्यात हिशेब करतात, हजारावर तोळे होतात, मी करून ठेवलाय.

आता 1789. बास्तीय, म्हणजे बॅस्टिलचा तुरुंग, पाडला हे सगळ्यांना शाळेतून माहीत असतं, पण त्या दिवसाची सकाळ कुणाला माहीत नसते. 14 जुलैला सकाळी जमाव आधी इथे आला, कारण इथल्या तळघरात तीसेक हजार बंदुका होत्या. अंदाज आधीच आला होता म्हणून गव्हर्नर सोंब्रयने आश्रमातल्या सैनिकांना कामाला लावलं होतं, की बंदुकांचे चापाचे घोडे काढून ठेवा म्हणजे त्या निकामी होतील. वीस माणसं सहा तास बसली. किती बंदुका झाल्या? वीस. तासाला जेमतेम तीन. म्हातारे हळू होते असं नाही हं, त्यांना करायचंच नव्हतं, ते मनाने लोकांच्या बाजूचे होते. सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे लगेच समजतं. जमाव आत आला, बंदुका घेतल्या, पण बंदुकीची दारू नव्हती, ती होती बास्तीयमध्ये, म्हणून सगळे तिकडे गेले. आणि बास्तीयच्या तटावर पहारा कोण देत होतं? त्यातले 82 जण असेच जायबंदी सैनिक, सोबत 32 स्विस. म्हणजे बंदुका आल्या त्या म्हाताऱ्या सैनिकांच्या घरातून आणि झाडल्या त्यासुद्धा म्हाताऱ्या सैनिकांवरच.

तुम्ही जुलैत जाताय म्हणून सांगतो, 14 जुलैची परेड शाँझेलिझेवर असते, आणि 2009 ला त्या परेडमध्ये आपली मराठा लाइट इन्फंट्री चालली होती. मी ग्रुप घेऊन गर्दीत लांब उभा होतो, दिसलं फारसं काही नाही, पण बँडचा आवाज आला तेव्हा आमच्यातल्या एका रिटायर्ड सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुढची वीस मिनिटं ते कुणाशीच बोलले नाहीत.

स्मारक करायला सुरुवात नेपोलियनने केली, पण स्वतःसाठी नव्हे. 1800 ला त्याने त्युरेन या जुन्या सेनापतीचे अवशेष इथे आणले, 1808 ला किल्ले बांधणाऱ्या व्होबाँचं हृदय आणलं, मधे 1804 च्या जुलैत लीजन ऑफ ऑनर या फ्रान्सच्या सर्वोच्च किताबाचा पहिला समारंभ इथेच केला. राजाचं चर्च त्याने फौजेचं देऊळ करून टाकलं. जिंकलेले झेंडे आत टांगायचे, आणि ते झेंडे जिंकताना ज्यांचे हातपाय गेले ते खाली बाकांवर बसणार. मग 1814 ला शत्रू पॅरिसच्या वेशीवर आल्यावर गव्हर्नर सेर्युरिएने 30 मार्चच्या रात्री चौकात होळी पेटवली आणि सुमारे चौदाशे झेंडे जाळले, प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची तलवारसुद्धा टाकली आगीत. परत द्यायचे नाहीत, बस. आज चर्चमध्ये वर जे झेंडे दिसतात ते त्यातून वाचलेले आणि नंतरचे.

नेपोलियन 1821 ला सेंट हेलेना बेटावर वारला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की मला सीन नदीच्या काठी ठेवा. एकोणीस वर्षांनी लुई फिलिप राजाला आपली लोकप्रियता जरा वाढवायची होती, त्याने मुलाला जहाज देऊन पाठवलं आणि 15 डिसेंबर 1840 ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, शवपेटी इथे आली. तेव्हा आश्रमाचा गव्हर्नर होता मार्शल मोंसे, वय 86, आजारी, व्हीलचेअरवर. असं सांगतात की तो डॉक्टरला म्हणायचा, सम्राट येईपर्यंत मला टिकव, आणि समारंभ झाल्यावर म्हणाला, आता घरी जाऊन मरू या. खरंखोटं देव जाणे, पण तो पुढे दोन वर्षांत गेला हे खरं.

कबर तयार व्हायला मात्र 1861 उजाडलं. आर्किटेक्ट व्हिस्कोंतीने घुमटाच्या बरोबर मधे जमीन खोदून गोल विहिरीसारखी जागा केली, त्यात लालसर दगडाची प्रचंड पेटी. दगड संगमरवर नाही, तो रशियातल्या करेलियाचा क्वार्टझाइट आहे, म्हणजे ज्या देशात त्याची फौज बर्फात संपली तिथलाच. आत एकात एक सहा पेट्या, पत्र्याची, महोगनीची, शिशाच्या दोन, एबनीची आणि ओकची. वरून बघायचं तर कठड्यावरून वाकावं लागतं, आणि गाइड सगळ्यांना सांगतात की बघा, तुम्हीसुद्धा सम्राटासमोर वाकलात. मीही सांगतो, काय करणार, चालतं ते.

आणि इथेच गाडी उलट फिरली. एकोणिसाव्या शतकात सैनिकांना पेन्शन घेऊन गावी राहणं जास्त बरं वाटायला लागलं, शिस्तीच्या खोलीत कोण राहणार, त्यामुळे आश्रम रिकामा होत गेला. रिकाम्या जागेत काहीतरी येतंच, आपल्याकडे वाड्यात गोडाऊन येतं तसं. किल्ल्यांची मोठी मॉडेल्स 1777 पासूनच माळ्यावर होती. 1871 नंतर तोफखान्याचं म्युझियम जेवणाच्या हॉलांमध्ये आलं, 1896 ला सैन्याच्या इतिहासाचं दुसरं, आणि 1905 ला दोन्ही मिळून आजचं आर्मी म्युझियम झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राहणारे सैनिक इतके थोडे उरले होते की हे आता नुसतं म्युझियमच राहणार असं वाटत होतं. मग 1914 आलं, पहिलं महायुद्ध. सप्टेंबरमध्ये मार्नच्या लढाईला सैनिक नेणाऱ्या टॅक्स्या याच इमारतीसमोरच्या मैदानात जमल्या, तशी एक लाल टॅक्सी आत ठेवलीय, आणि त्यानंतर चार वर्षं जखमींची रांग लागली. घर पुन्हा भरलं.

दुसऱ्या महायुद्धाचं एकच सांगतो. जून 1940 ला हिटलर येऊन कठड्याशी उभा राहून गेला, आणि डिसेंबरमध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, त्याने नेपोलियनच्या मुलाचे अवशेष व्हिएन्नाहून "भेट" म्हणून पाठवले. पॅरिसचे लोक थंडीने कुडकुडत म्हणाले, आमचा कोळसा नेतात आणि राख पाठवतात. आणि त्याच इमारतीत राहणारं मोरँ नावाचं एक कर्मचारी कुटुंब, नवरा, बायको आणि मुलगी, पाडलेल्या विमानांच्या दोस्त वैमानिकांना लपवत होतं, जर्मन अधिकाऱ्यांची ये-जा चालू असताना. 1944 च्या जुलैत ते पकडले गेले. वडील छावणीतून परतले नाहीत.

आज तिथे शंभराच्या आत कायमचे रहिवासी असतात, सोबत हॉस्पिटल आणि रिहॅबिलिटेशन, दहशतवादी हल्ल्यात जखमी झालेले नागरिकसुद्धा तिथे घेतात. पुणेकरांना समजवायचं तर आपलं खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर घ्या, आणि त्याच्याच अंगणात एक मोठं म्युझियम आणि शनिवारवाड्याएवढं वलय असलेली कबर आहे असं समजा. तुलनेसाठी, डब्लिनला याच नमुन्यावर 1680 साली बांधायला घेतलेलं सैनिकांचं घर आहे, तिथले सैनिक खरंच गेले आणि आता तिथे मॉडर्न आर्टचं म्युझियम आहे. सुंदर आहे, पण मला रिकामं वाटलं.

आता दोन तासांचं. आईवडील असतील तर उत्तरेकडून, नदीच्या बाजूने या, मोठ्या चौकात जायला तिकीट लागत नाही. फरशी दगडी आहे, आईंना स्पोर्ट शूज घालायला सांगा, चपला नकोत. म्युझियममध्ये पाच लाखांच्या आसपास वस्तू आहेत असं सांगतात, त्यामुळे सगळं बघायच्या फंदात पडू नका. चिलखतांचे हॉल, पेंढा भरलेला नेपोलियनचा घोडा व्हिझीर, मार्नची टॅक्सी, बास. मग सैनिकांचं चर्च, झेंडे, आणि शेवटी कबर. कबरीपाशी खाली उतरायला पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, वरूनच चांगली दिसते. चौकात कुणी व्हीलचेअरवर उन्हात बसलेलं दिसलं तर मान झुकवा, फोटो काढू नका, ते त्यांचं अंगण आहे.

आणि मुलं सोबत असतील तर एक काम द्या. चौकाच्या छतावर गोल खिडक्या आहेत, प्रत्येकीभोवती दगडी चिलखतं कोरलेली, त्यातल्या एका खिडकीला लांडग्याने पंज्यात धरलंय. बांधकामावर देखरेख करणारा युद्धमंत्री होता लुव्वा, आणि फ्रेंचमध्ये "लू व्वा" म्हणजे "लांडगा बघतोय". आश्रमातले जुने सैनिक नवीन माणसाला वेगळंच काम द्यायचे, "लाकडी डोक्याचा सैनिक बघितलास का, जा शोध". बिचारा या खोलीतून त्या खोलीत फिरायचा आणि प्रत्येक जण सांगायचा, आत्ताच तर होता, दाढी करायला गेलाय. लांडगा मात्र खरा आहे, पूर्वेकडच्या बाजूला आहे, सापडतो.

बाथरूम कुठे आहे ते तिकीट घेतानाच विचारून ठेवा.